मे महिन्यातली माणसं

2010 च्या मे महिन्यात जनगणनेच्या घरयादीचं काम आम्हा प्राथमिक शिक्षकांकडे आलं. माझ्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातली, संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी होती. मे महिना म्हणजे चाकरमानी गावी. एरवी कुलूप दिसणाऱ्या घरांच्या खळ्यात पोरं खेळत होती, पडवीत आंब्यांच्या राशी होत्या.

एका जुन्या घरात गेलो. चिऱ्याचा जोता, मातीच्या भिंती, सारवलेली जमीन. घरावर मंगलोरी कौलं, पण गोठ्यावर अजून हाताने घडवलेले नळे, म्हणजे जुनी अर्धगोल कौलं. गोठा मात्र रिकामा. भिंत, छप्पर, खोल्या यांचे रकाने भराभर भरले. मग आला प्रश्न : सर्वसाधारणपणे इथे राहणाऱ्या व्यक्ती किती?

“अकरा,” थोरला मुलगा म्हणाला. तो नालासोपाऱ्याला राहायचा. मी त्याला नियम समजावला. जिथे नेहमीचं राहणं, तिथेच नोंद. तो चिडला. “सातबाऱ्यावर आमची नावं, देव इथे, गणपती इथे. आणि आम्ही इथले नाही?” मला उत्तर सुचेना. तेवढ्यात आजी चुलीपासून उठून आल्या. “मी एकलीच ऱ्हातंय, गुरुजी. एक लिवा.”

एक लिहिलं. मुलगा मागीलदारी निघून गेला.

अर्जात 35 प्रश्न होते. रेडिओ, टीव्ही, मोबाइल सगळ्यांचे. जमिनीचा एकही नव्हता. आजींनी मात्र न विचारताच सांगितलं. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवरची नाचणी-वरी कधीच बंद झाली. 1990 नंतर रोजगार हमीतून फळझाडांची योजना आली, तेव्हा तिथे काजू आणि हापूसची कलमं लावली. ती तगली. खालचा भाताचा मळा मात्र पड राहिला, कारण लावणीला माणसं मिळेनात आणि पेरलं ते रानडुकरं ठेवेनात.

पुढच्या वर्षी माणसांची मोजणी झाली, आणि मग आकडे आले. जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 16,96,777 होती, ती 16,15,069 झाली. राज्यात आणखी दोनच जिल्हे घटले होते, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. गिरण्या बंद झाल्या, चाळी महागल्या, तसा आमचा चाकरमानीही मुंबई शहरातून विरार-नालासोपाऱ्याकडे सरकला होता.

आमच्याकडे हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, राज्यात सर्वाधिक. हा आकडा भाषणांत कौतुकाने सांगतात, तेव्हा मला राग येतो. आमच्या वाडीपुरतं तरी मला ठाऊक आहे, ते पुरुष कुठे मोजले गेले.