दुधात लिंबू, तरी दूध शाबूत

सांगलीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याशेजारी चिरलेलं लिंबू ठेवून बघा. कुणीतरी येतं आणि एक शब्द न बोलता लिंबू उचलून लांब ठेवतं. लिटरभर दुधाचा चोथा करायला दोन लिंबं पुरतात, हे आपल्याकडे पनीर शब्द रुळायच्या आधीपासून ठाऊक आहे. म्हणून इटलीच्या दक्षिणेला, सोरेंटो आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावर दूध, साय, साखर, लिंबू आणि दारू एकाच बाटलीत घालून पितात, असं सांगितलं की आपल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला : नासत नाही?

नासत नाही. कारण त्यात लिंबाचा रस नसतोच.

लिंबात दोन भाडेकरू राहतात. आत आंबटपणा, बाहेर वास. आंबटपणा रसाच्या फोडीत आणि वास सालीच्या अगदी वरच्या पिवळ्या पापुद्र्यात, बारीक बारीक तेलाच्या पिशव्यांत. साल वाकवून दिव्याच्या ज्योतीजवळ दाबली की चर्रर करून ठिणग्या उडतात, ते हे तेल. हे पाण्यात उतरत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतं. तिकडच्या लिमोनचेल्लोचं, म्हणजे लिंबाच्या सालीचा वास उतरवलेल्या गोड दारूचं, सगळं शास्त्र एवढंच, आणि त्यात पाकाऐवजी गोड दूध घातलं की झाली क्रेमा दी लिमोनचेल्लो. आपण मात्र आयुष्यभर रस पिळून घेतो आणि वास कचऱ्याच्या डब्यात टाकतो.

ही क्रेमा घरी करायची तर आधी लिंबाचं बघू, कारण निम्मं यश तिथंच ठरतं. सोरेंटोचं लिंबू मुठीएवढं, जाड सालीचं. सोलाण्यानं त्याच्या पिवळ्या पट्ट्या सहज निघतात. आपलं कागदी लिंबू ही जातच वेगळी, आणि नावाप्रमाणे साल कागदासारखी. वास मात्र तिखट, ताजा, किंचित हिरवा. तो इटालियन वासासारखा नसतो आणि तसा यावा असा हट्टही धरू नये. मंडईतून पिवळी पडलेली पण कातडी ताणलेली २५ लिंबं घ्यावीत. हिरवी गार चालतात, पण पेय वेगळ्याच चवीचं होतं. साल सुरकुतलेली असेल तर तेल उडून गेलेलं असतं, रस कितीही असो. उन्हाळ्यात लिंबू नगावर विकतात, पावसाळ्यात ढिगावर. हा उद्योग ढिगाच्या दिवसांतच परवडतो. ईडलिंबू मिळालं तर सोन्याहून पिवळं : साल जाड, सोलायला सोपी. दोन ईडलिंबं आणि पंधरा कागदी ही जोडी उत्तम जमते.

लिंबं कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून चोळून धुवावीत आणि फडक्यानं खडखडीत कोरडी करावीत. मग किसणीची सगळ्यात बारीक बाजू. एका जागी दोनदाच घासायचं आणि लिंबू फिरवायचं. खाली पांढरं दिसलं की थांबायचं, कारण कडूपणा त्या पांढऱ्यात असतो. कागदी लिंबात आणखी एक फसगत आहे : पांढरा थर इतका पातळ, की तिसऱ्या घासणीला किसणी थेट रसात उतरते. थेंबभर रसानं बिघडत नाही. पण पंचवीस लिंबांचा थेंब थेंब मिळून दोन-तीन चमचे होतो आणि पंधरा दिवसांनी दुधात दाणे होऊन वर येतो. तेव्हा दोष दुधाला लावला जातो. नीट किसलं तर पन्नास-साठ ग्रॅम कीस निघतो. तेवढा पुरतो.

दारूचं. तिकडे ९५-९६ टक्क्यांचं खाण्यायोग्य अल्कोहोल दुकानात उघड मिळतं. आपल्याकडे तसलं स्पिरिट साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत उसाच्या मळीपासून तयार होतं, पण ते बाटलीत भरून आपल्याला कुणी विकत नाही. रंगाच्या दुकानातलं किंवा दवाखान्यातलं स्पिरिट या कामाला चुकूनही आणू नये. त्यात विष मिसळलेलं असू शकतं, आणि मिथेनॉलनं डोळे जातात, जीवही जातो. हातभट्टीचंही तेच. सरळ परवान्यावर सीलबंद व्होडका आणावी. लेबलावर बहुधा ४२.८ टक्के छापलेलं असतं. ३७.५ची असेल तर तेल कमी ओढते. महागडी नको, बिनवासाची हवी. रम किंवा व्हिस्की घातली तर लिंबू कुठल्या कुठे जातं. आणि हा सगळा खटाटोप घरच्यापुरता. विकायची कल्पना सुचली तर ती तिथंच सोडावी, महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९चा आहे आणि अजून जागा आहे.

एक खंबा म्हणजे ७५० मिली व्होडका आणि सगळा कीस लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालायचा. प्लास्टिकचा डबा नको. लिंबाचं तेल थर्माकोल विरघळवतं, त्यावरून समजून घ्यावं. बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवून रोज एकदा हलवायची. खिडकीत शोभेला ठेवली की उजेडानं तेल बिघडतं आणि टर्पेंटाइनचा वास मारतो. ९६ टक्क्यांत काम लवकर होतं, आपल्या व्होडकेला बारा ते पंधरा दिवस द्यावेत. झालं की नाही हे कीस सांगतो : रंग सोडून तो भुशासारखा फिका पडलेला असतो. दुसरी खूण, चमचाभर अर्क थंडगार पाण्यात टाकला की पाणी धुरकट होतं. अल्कोहोल पातळ झाल्यावर तेल वेगळं व्हायला लागतं, त्याचा हा धूर. मग मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि अजिबात पिळायचं नाही. पिळलं की कडू गाळ खाली उतरतो.

इथवर काही अवघड नाही. अवघड आहे ते दूध, कारण लिंबाच्या आंबटाला चकवलं तरी दुधाचा दुसरा वैरी बरणीतच बसलेला असतो. अल्कोहोलनंही दूध फुटतं. हे सांगली-साताऱ्याच्या दूधवाल्यांना वेगळं सांगायला नको. डेअरीत दूध घेताना नळीत ५ मिली दूध आणि तितकंच ६८ टक्क्यांचं अल्कोहोल घालून नळी उलटीसुलटी करतात. काचेला दाणे चिकटले की दूध परत. दुधाची आंबटाई वाढायला लागली असेल तर ते जिभेला कळायच्या आधी या नळीला कळतं. तीच परीक्षा घरी घ्यावी : चमचाभर तापवून गार केलेलं दूध, चमचाभर तुमचा अर्क, काचेच्या छोट्या ग्लासात. ग्लास कलता करून कडेला बघायचं. दाणे दिसले तर त्या दुधाचा चहा करावा आणि दुसरं दूध आणावं. सकाळची धार दुपारपर्यंत बाहेर राहिली असेल तर ती इथं नापास होऊ शकते.

दूध म्हशीचं की गाईचं? चवीला म्हशीचं, प्रश्नच नाही. पण सुट्या दुधातले स्निग्धाचे कण मोठे असतात, ते वर तरंगतात आणि बाटलीच्या गळ्याशी लोण्याचं कडं धरतात. होमोजिनाइज्ड पिशवीतल्या दुधात ते यंत्रानं बारीक फोडलेले असतात, म्हणून ते नीट मिसळून राहतं. घरची साय तर मुळीच घालू नये. बाटली हलवली की ताकाच्या रवीसारखं काम सुरू होतं आणि आठ दिवसांनी लिंबाच्या वासाचं लोणी हाती येतं. त्यापेक्षा २५ टक्क्यांचं क्रीम मिळतं ते बरं.

अर्धा लिटर दूध, त्यात ३५० ग्रॅम साखर, मंद आचेवर उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. साखर बारीक दाण्याची एस-३० असो वा जाड दाण्याची एम-३०, फरक एवढाच की जाड दाण्याला मिनिटभर जास्त लागतं. सांगलीत राहून गूळ सुचणं साहजिक आहे, पण गुळानं गरम दूध नासतं हे आजीला विचारा. उकळी आली की पाच मिनिटं ठेवून उतरवायचं. बासुंदी करायची नाही. आटवलेल्या दुधाचा वास आला की लिंबू त्याच्याखाली दबतं. गॅस बंद केल्यावर २०० मिली क्रीम मिसळून, पूर्ण गार करून, गाळून फ्रिजमध्ये ठेवायचं. धास्ती वाटत असेल तर दूध तापवताना तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, खरोखर तेवढाच, खायचा सोडा घालावा. जास्त झाला तर दूध तांबूस होतं आणि चव साबणाची लागते.

मिसळताना क्रम महत्त्वाचा. पातेल्यात दूध असायला हवं आणि अर्क वरून, बारीक धारेनं, एका हातानं सतत ढवळत. उलट केलं, म्हणजे अर्कात दूध ओतलं, तर पहिल्या धारेतल्या दुधावर सगळ्या दारूचा एकदम मारा होतो आणि ते तिथंच गोळा होतं. दोन्ही सारखी थंड असावीत. कोमट दुधात अर्क घातला तर वासही उडतो आणि दाणेही धरतात. सगळं मिळून दीड लिटरच्या वर भरतं आणि अल्कोहोल साधारण अठरा-एकोणीस टक्क्यांवर येतं.

रंग फिकट सायीसारखा, हिरवट झाक असलेला येतो. तो पिवळाधमक दिसावा म्हणून चिमूटभर हळद घालायचा मोह होतो, विशेषतः हळदीच्या पेठेत राहणाऱ्यांना. घालू नये. हळदीच्या वासापुढे दूध, दारू आणि लिंबू तिघंही गप्प बसतात. वेलची-केशराचंही माझं मत तेच.

मिसळल्याबरोबर चाखू नये, तेव्हा ते घशाला बोचतं. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलं की धार मऊ होते. बारीक रवा धरला असेल तर मिक्सरमधून एकदा फिरवून, गाळून वाचतं. पाणी आणि चोथा वेगळे झाले असतील तर वाचत नाही. फक्त साय वर आली असेल तर तो दोष नव्हे, बाटली हलवावी. बाजारातली बाटली महिनोन्‌महिने टिकते ती यंत्रांच्या जोरावर. घरची फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवावी आणि वास आंबूस आला तर ओतून टाकावी.

फ्रीझरमध्ये ठेवली तर एवढ्या अल्कोहोलला दगड होत नाही, पण कुल्फी लावतानाचा अर्धवट टप्पा असतो तशी भुसभुशीत होते. दहा मिनिटं बाहेर ठेवून, हलवून, छोट्या गार ग्लासात ३० मिली. बर्फ नको.

राहिली ती २५ बोडकी लिंबं. साल गेली की ती दोन दिवसांत लाकडासारखी कडक होतात, म्हणून त्यांचा रस त्याच दिवशी काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. फक्त तो ट्रे आणि क्रीमचं पाकीट एका कप्प्यात ठेवू नका.