कमानपाट्यापासून स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाचा पाया वडिलांनी सोलापुरात हैदराबाद रस्त्यावर, बाजार समितीच्या परिसरात घातला आणि तो मालमोटारींच्या कमानपाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, उभा होता. कांद्याच्या हंगामात बाजार समितीकडे येणाऱ्या गाड्यांची रांग लागली की आमच्याकडेही कामाची रांग लागे. तुटलेले पाटे बदलणे, बसलेल्या पाट्याला भट्टीत तापवून पुन्हा बाक देणे, यू-बोल्ट आवळणे, पाट्याचे टोक जोडणारी शॅकल पिन आणि सांध्यातले अस्तर म्हणजे बुश नवे घालणे, अशी ती कामे असत. पाटा नुसता जाड करून गाडी सुधारत नाही, उलट धक्का चासीकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे, जातो आणि चासीलाच तडा जातो, हे वडील प्रत्येक गाडीमालकाला सांगत. पुढे आम्ही ज्या कामाकडे वळलो, त्याची दिशा या एका वाक्याने ठरवली.

मोटारींच्या सस्पेन्शनचे काम मी हळूहळू सुरू केले. 2001 मध्ये फियाटची पॅलिओ 1.6 बाजारात आल्यानंतर वेगाची आवड असलेली तरुण मंडळी आमच्याकडे येऊ लागली. त्यांना गाडी वळणावर पक्की हवी असे, आणि त्यासाठी स्प्रिंगचा एखादा वेढा कापून गाडी खाली बसवून द्या, अशी मागणी असे. हे काम आम्ही कधीच केले नाही. वेढा कापला की स्प्रिंग कडक होते हे खरे, परंतु चाकाला वर सरकायला जागा उरत नाही, स्प्रिंगचे डोलणे आवरणारा शॉकअप तिच्या मानाने अपुरा पडतो आणि गाडी दर खड्ड्याला बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्यावर, आपटते. त्यामुळे काही गिऱ्हाइके नाराज होऊन परतली. जी थांबली त्यांच्या गाड्यांचे शॉकअप, स्ट्रट माउंट (शॉकअपची वरची बैठक) आणि लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश बदलून, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन नीट करून दिल्यावर त्यांना जो फरक जाणवला, त्यातूनच आमच्या गॅरेजचे नाव विजयपूर, कलबुर्गी, लातूरपर्यंत पोहोचले.

सोलापूरच्या रस्त्यांचा विचार केल्याशिवाय इथल्या स्पोर्ट्स कारचे काम करता येत नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरून गेलेला डांबरी रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी लाटांसारखा वर-खाली झालेला असतो. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या पडतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे लांबट चढ-उताराचा असावा. गावोगावी जे अरुंद आणि टोकदार उंचवटे आडवे येतात, त्यांच्यावर खाली बसवलेल्या गाडीचे पोट घासते. त्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे असतो. अशा उन्हात सलग लाटांवरून धावणाऱ्या गाडीच्या शॉकअपमधील तेल तापून पातळ होते, जुन्या शॉकअपमध्ये त्याचा फेस होतो आणि शंभरएक किलोमीटरनंतर गाडी तरंगू लागते.

म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी आमचे मत ठाम आहे. चांगली पकड म्हणजे टायर रस्त्याला सतत टेकलेला असणे, आणि कडकपणा हे त्याचे एक साधन आहे, उद्दिष्ट नव्हे. ब्रिटनच्या लोटस कंपनीने 1962 मध्ये आणलेली एलान ही छोटी स्पोर्ट्स कार आजही वळणावरच्या वागणुकीसाठी नावाजली जाते आणि तिच्या स्प्रिंग चक्क मऊ होत्या. थोडा हिशेब मांडतो. एका चाकावर 320 किलो भार असेल आणि चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला 25 न्यूटन असेल, तर ती गाडी सेकंदाला साधारण 1.4 वेळा डोलते. कडकपणा 36 न्यूटनवर नेला की हा आकडा 1.7 च्या आसपास जातो. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी मी याच्या पुढे सहसा जात नाही. रेसिंग ट्रॅकवरची गाडी याहून बरीच कडक असते, पण ट्रॅकवर खड्डा नसतो आणि ट्रॉलीही आडवी येत नाही.

आमची पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून एका कामाची हकिगत थोडी विस्ताराने सांगतो. सांगोल्याकडच्या एका डाळिंब बागायतदारांनी पुण्याहून जुनी पोर्शे बॉक्सटर आणली होती. या गाडीचे इंजिन आसनांच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे असते, निम्म्याहून अधिक वजन मागच्या चाकांवर येते आणि चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेले उभे खांब, असतात. वळणात असताना लाट आली की मागची बाजू बाहेर सरकल्यासारखी वाटते, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना दुसरीकडे गाडी तीस मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगचा सल्ला मिळाला होता. आम्ही गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा मागच्या दोन्ही शॉकअपना तेल सुटलेले दिसले, बंप स्टॉपचा हाताने भुगा होत होता आणि आर्मच्या बुशांचे रबर आतल्या नळीपासून सुटले होते. पहार लावून आर्म हलवला की चाक डोळ्यांना दिसेल इतके वळत होते. म्हणजे चालक स्टिअरिंग एका दिशेला धरी आणि मागची चाके आपापली दिशा निवडत.

मॅकफर्सन स्ट्रटची गाडी खाली घेण्यात एक अडचण आहे, ती गिऱ्हाइकाला कागदावर रेघ मारून दाखवावी लागते. गाडी खाली गेली की खालचा आर्म चाकाकडे वर चढू लागतो. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, दोहोंमधले अंतर वाढते आणि खाली बसवलेली गाडी स्प्रिंग तितक्याच कडक असतील तर वळणावर अधिक कलते. कलताना बाहेरच्या चाकाला मिळणारा उणे कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा आत असलेला कल, हाही कमी होतो. स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा कोन बिघडला तर प्रत्येक उंचवट्याला चाक आपोआप थोडे वळते. बागायतदारांनी हे समजून घेतले आणि उंची कंपनीने ठेवली तेवढीच ठेवण्यास मान्यता दिली.

आम्ही त्या गाडीला एकाच नळीचे, नायट्रोजन वायूच्या दाबाचे शॉकअप बसवले. या रचनेत तेल आणि वायू यांच्यामध्ये तरंगता दट्ट्या असतो, म्हणून फेस होत नाही, आणि नळीचा पत्रा थेट हवेत असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. बुश मात्र रबराचेच घातले. पॉलियुरेथेन या रबराहून टणक पदार्थाचे बुश अनेकांना आवडतात आणि काही ठिकाणी ते योग्यही असतात, पण जो आर्म एकापेक्षा अधिक दिशांनी फिरतो तिथे ते अडखळतात, कुरकुरतात, आणि त्या अडखळण्याने शॉकअपची सगळी बारीक कामगिरी वाया जाते. रबरी बुश बसवताना एक गोष्ट आमच्याकडे कोणालाही मोडता येत नाही. बुशचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून बोल्ट आधी केवळ हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढून-मागून दाबून तिला तिच्या नैसर्गिक उंचीवर बसू द्यायचे आणि मगच टॉर्क पान्ह्याने आवळायचे. या कामाला गाडीखाली उतरण्याचा खड्डा किंवा गाडी चाकांवरच उभी राहील अशी रॅम्प लागते, वेळही लागतो. पण नवे बुश घालूनही वर्षभरात खडखड परत आली अशा ज्या गाड्या आमच्याकडे येतात, त्यांत बहुधा हेच झालेले आढळते.

शेवटी अलाइनमेंट केली. मागच्या चाकांना दोन्हीकडे अगदी समान, किंचित आत वळलेला टो (चाकाच्या पुढच्या कडेचा कोन) दिला, कारण मागचा भार जास्त असलेल्या गाडीला स्थैर्य तिथून मिळते. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचे कलणे रोखण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा, आम्ही तसाच ठेवला. दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे 20 मिलिमीटरच्या जागी 22 चा भरीव दांडा घातला तरी तो सुमारे 46 टक्क्यांनी कडक होतो, आणि एका चाकाखाली खड्डा आला की दुसऱ्या चाकालाही धक्का देतो. आधी न घातलेला बरा, पुढे गरज वाटली तर पाहू, असे ठरले. तुळजापूरच्या घाटात मालकांसोबत जाऊन आलो, तेव्हा त्यांनी उतरताना स्टिअरिंगवर एकच हात ठेवला होता, हे माझ्या लक्षात राहिले आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत, हे आम्ही काम घेतानाच सांगतो. चासी कापणे, चाके मडगार्डच्या बाहेर काढणे ही कामे आम्ही घेत नाही. यामुळे उत्पन्नाचा एक भाग हातचा जातो आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

आज वर्कशॉपमध्ये काम करणारी मुले बहुतेक आयटीआय शिकलेली आहेत. कोणी घरी तेलुगू बोलते, कोणी कन्नड, आणि पान्ह्यांचे आकडे सगळ्यांना मराठीतच पाठ आहेत. अलीकडे आम्ही चारही चाकांखाली ठेवायचे वजनकाटे घेतले. कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, बसवलेल्या गाडीची उंची टेपने मोजून चारही कोपरे सारखे दिसले, तरी तिरप्या जोडीतील दोन चाकांवर भार जास्त असू शकतो. मग ती डावीकडे एक तऱ्हेने वळते आणि उजवीकडे दुसऱ्या. हे काम करताना आम्ही मालकांनाच चालकाच्या जागेवर बसवतो, टाकी निम्मी भरून घेतो आणि टायरमधील हवा गार असताना तपासतो. नव्या स्प्रिंग आणि बुश बसायला हजारभर किलोमीटर जावे लागतात, म्हणून तेवढे अंतर झाल्यावर गाडी पुन्हा आणावी. त्या वेळच्या अलाइनमेंटचे पैसे आम्ही घेत नाही.