एकटीसाठी पहिली क्रूझ निवडताना

क्रूझच्या जाहिरातीत भाड्याच्या आकड्याशेजारी जी बारीक चांदणी छापलेली असते, तिची तळटीप एकट्या प्रवाशाने सर्वांत आधी वाचावी, असे माझे आता ठाम मत आहे. हा दर एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून काढला आहे, एवढेच त्या टीपेत असते. पण एकटीने जायचे ठरवले की जहाज कोणते, मार्ग कोणता, महिना कोणता या सगळ्या प्रश्नांवर त्या एका ओळीची सावली पडते. मी आर्वीच्या एका पतसंस्थेत लिपिक आहे, वय सव्वीस, लग्न झालेले नाही आणि घर तालुक्यातल्याच एका खेड्यात आहे. समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत, तेवढाच. आमच्याकडे विमानाने जाऊन आलेली माणसे आता गावोगाव भेटतात, पण क्रूझवर गेलेले कोणी ओळखीत नव्हते. त्यामुळे जे काही कळले ते जाहिराती, अटींची पाने आणि नागपूरच्या एजंटांशी झालेले फोन यांतूनच कळले.

एका एजंटाने मला सरळ जाहिरातीतल्या आकड्याच्या दुप्पट रक्कम सांगितली. दिवसभर हिशेब तपासण्याचेच काम असल्यामुळे मी त्याच्याकडे रकमेची फोड मागितली, आणि ती मागितली हे बरेच झाले. हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेते. माणशी भाडे ३०,००० रुपये आणि बंदरशुल्क ६,००० रुपये असेल, तर जाहिरातीत ३६,००० दिसतात. एकट्या प्रवाशाला दुसऱ्या पलंगाचे भाडे भरावे लागते, कारण कंपनीच्या दृष्टीने विकली जाते ती केबिन. पण जहाजावर नसलेल्या माणसाचे बंदरशुल्क भरण्याचे काहीच कारण नसते. म्हणजे रक्कम ६६,००० व्हायला हवी, ७२,००० नव्हे. जहाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या बक्षिसीची रक्कमही बहुधा माणशी आणि रात्रीप्रमाणे लागते, तीही एकाचीच धरायची. शिवाय हे जादा भाडे, ज्याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात, दर वेळी शंभर टक्केच असते असे नाही. केबिन रिकाम्या राहणार असे दिसले की कंपन्या ते कमी करतात, म्हणून गर्दीच्या तारखा सोडून विचारणे फायद्याचे ठरते. यावर त्या एजंटाचा तोडगा असा होता की एखादी मैत्रीण शोधा. माझ्या बहुतेक मैत्रिणी सासरी आहेत, आणि अनोळखी बाईबरोबर केबिन वाटून घेण्यापेक्षा मी पैसे मोजणे पसंत केले.

एकट्यांसाठीच बांधलेल्या केबिन जगात आहेत. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २०१० साली नॉर्वेजियन एपिक या जहाजावर अशा १२८ छोट्या स्टुडिओ केबिन आणल्या आणि त्यानंतर इतर कंपन्यांनीही थोड्याफार ठेवायला सुरुवात केली. हे वाचून मी काही दिवस परदेशी जहाजांच्याच मागे होते. तिथे वयाची अटही पाहावी लागते. अमेरिकेतून निघणाऱ्या बहुतेक क्रूझवर एकट्याने केबिन घ्यायला वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, आशियात अनेक ठिकाणी १८ चालतात. मला त्यातल्या त्यात जवळचे वाटले ते सिंगापूर. तिथल्या मरिना बे क्रूझ सेंटरहून तीन-चार रात्रींच्या फेऱ्या पेनांग, पोर्ट क्लांग, फुकेत अशा बंदरांना जातात. परंतु कागदावर मांडल्यावर चित्र पालटले. नागपूरहून सिंगापूरला जाण्या-येण्याचे विमानभाडे, आदल्या रात्रीचे हॉटेल आणि प्रवास विमा मिळून जवळपास जहाजाच्या भाड्याइतकाच खर्च दिसू लागला. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा सिंगापूरलाच परत येते, म्हणून व्हिसा एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा हवा, हीदेखील तपासण्याची गोष्ट. पासपोर्ट मात्र मी त्याच सुमारास काढून ठेवला. नागपूरच्या पासपोर्ट सेवा केंद्रातली वेळ, छत्तीस पानी पुस्तिकेचे १,५०० रुपये आणि पोलीस पडताळणी, एवढेच ते काम. ठाण्यातल्या हवालदारसाहेबांना माझ्या कागदांपेक्षा मी एकटी कुठे निघाले आहे यातच अधिक रस होता.

म्हणून मुंबईहून निघणाऱ्या जहाजाकडे वळले. कॉर्डेलिया क्रूझेसचे एम्प्रेस हे जहाज २०२१ च्या सप्टेंबरपासून भारतात चालते. ते मूळचे १९९० सालचे असून साधारण १,८०० प्रवासी घेते. आजच्या अवाढव्य जहाजांच्या मानाने हे लहान आणि जुने, पण पहिल्या वेळी मला जहाज किती मोठे आहे यापेक्षा जहाजावर किती दिवस मिळतात हे महत्त्वाचे वाटत होते. दोन रात्रींच्या फेरीत पहिला दिवस चढण्यात जातो आणि शेवटच्या सकाळी उतरायचे असते, म्हणजे हाती पुरता एकच दिवस राहतो. शनिवार-रविवार धरून निघणाऱ्या छोट्या फेऱ्यांवर मित्रमंडळींचे जथे आणि रात्रभराचा नाचगाण्याचा धुमाकूळ जास्त, हेही चौकशीत कळले. तरुण असल्यामुळे मला तेच हवे असणार, असे दोन एजंटांनी परस्पर गृहीत धरले होते.

गोवा की लक्षद्वीप, हा निर्णय मी अगदी शेतकऱ्याच्या पद्धतीने घेतला. गोव्याला रेल्वेने काही शे रुपयांत जाता येते. लक्षद्वीपला रेल्वे जात नाही. तिथे स्वतंत्रपणे जायचे तर कोचीहून जहाज किंवा तिथल्या अगत्ती बेटाचे विमान पकडावे लागते, आणि शिवाय प्रवेशपरवाना काढावा लागतो. छत्तीस बेटांपैकी वस्ती फक्त दहांवर आणि मुक्कामाच्या सोयी मोजक्या. क्रूझमध्ये परवान्याचे कागद कंपनीकडे द्यायचे होते आणि राहण्याचा प्रश्नच नव्हता. जिथे दुसऱ्या मार्गाने जाणे अवघड, तिथेच क्रूझचे पैसे वसूल होतात, असा माझा हिशेब होता. अटींमध्ये एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिलेली होती: बेटाजवळ मोठे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींतून उतरवतात, आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्द होऊ शकते. हे मान्य असेल तरच पुढे जावे.

महिना ठरवायला वेळ लागला नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याचा समुद्र क्रूझच्या कामाचा नसतो. दिवाळीनंतर घरी कापसाची वेचणी असते आणि मार्चमध्ये पतसंस्थेत वर्षअखेर, तेव्हा रजा मागणेही लाजिरवाणे. राहिला फेब्रुवारी.

केबिन निवडताना मात्र मी मुद्दाम वेळ घेतला. डेकचा, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा, नकाशा बसस्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या कागदावर छापून आणला आणि पेन्सिलीने फुल्या मारत बसले. सगळ्यांत स्वस्त ती आतली केबिन, तिला खिडकी नसते. जादा भाडे माझ्यावर पडणारच होते. मग खिडकीचेही दुप्पट पैसे कशाला, हा विचार पक्का झाला. पण कुठलीही आतली केबिन घेऊन चालत नाही. पुढच्या आणि मागच्या टोकाला, तसेच वरच्या डेकवर जहाजाचे हलणे जास्त जाणवते. मधोमध आणि खालच्या डेकवर कमी. ज्या केबिनच्या वर नाचाचा हॉल किंवा स्वयंपाकघर आहे, तिथे फुली. लिफ्टला अगदी चिकटून असलेल्यांवर फुली. नकाशावर दोन केबिनच्या मधल्या भिंतीवर छोटी खूण दिसली, तर तिथे मधला दरवाजा असतो. तो कुलूपबंद असला तरी त्यातून आवाज येतो, आणि एकट्या मुलीला तो नकोसाच वाटतो, म्हणून तिथेही फुली. याहून स्वस्त एक प्रकार असतो, ज्यात केबिनचा फक्त वर्ग ठरतो आणि क्रमांक कंपनी नंतर देते. त्यात वाचणारे पैसे मला शांत झोपेपेक्षा मोठे वाटले नाहीत.

घरी सांगितले तेव्हा आई गप्प राहिली. आत्याने मात्र लगेच विचारले, "पाणीच पाह्याचं हाय तं अप्पर वर्धा धरणावर जाय ना वं, एकटी समुद्रात कायले जातं?" बाबांचे प्रश्न व्यवहाराचे होते आणि त्यांची उत्तरे मी तयार ठेवली होती. चढणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्र तपासून नोंद होते, उतरताना आणि परतताना केबिनचे कार्ड तपासतात, त्यामुळे कोण जहाजावर आहे आणि कोण नाही हे केव्हाही कळते. डॉक्टर जहाजावर असतो, फक्त त्याचे बिल वेगळे. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाचा अपघात झाला, तेव्हापासून जीवरक्षक जॅकेटची कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेण्याचा नियम अधिक कडक झाला आहे. "ते डेपोतल्या बसपेक्षा बरं दिसते," एवढे बोलून बाबांनी होकार दिला.

वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस धरली तर सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते आणि क्रूझ सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून जवळच आहे. तरीही मी एक दिवस आधी निघून डोंबिवलीला मावशीकडे राहिले. गाडीला उशीर झाला तर पतसंस्था थांबेल, जहाज थांबत नाही. चेक-इन आधीच केले होते, सामानाला लावायच्या चिठ्ठ्या छापून नेल्या होत्या आणि ओळखपत्र, औषधे व एक ड्रेस हातातल्या पिशवीत ठेवला होता, कारण मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. मळमळीची गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते आणि मी ते पाळले.

जेवणाच्या हॉलमध्ये दाराशीच उभ्या असलेल्या माणसाला मी इतरांबरोबर बसायला आवडेल असे सांगितले, आणि त्याने मला अकोल्याच्या एका निवृत्त शिक्षक दाम्पत्याच्या टेबलावर बसवले. काका-काकूंशी नंतरही गप्पा होत राहिल्या, तरी दिवसाचा बराचसा वेळ मी डेकवर एकटीच बसून काढला, आणि त्यासाठीच तर मी आले होते. किनारा दूर गेल्यावर मोबाइलची रेंज जाते. इंटरनेटचे पॅकेज महाग होते, म्हणून घरी तसे आधीच सांगून फोन विमान मोडवर टाकला. लक्षद्वीपला समुद्र शांत होता आणि लहान बोटीतून उतरता आले.

शेवटच्या रात्री केबिनच्या खर्चाची यादी मागून घेतली. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, सगळे कार्डावर चढते, आणि सकाळी हिशेबाच्या काउंटरपुढे लांबच लांब रांग लागते. माझ्या यादीत कॉफी आणि एक टोपी एवढेच होते. मी त्यावर सही केली, प्रत मागून घेतली आणि घरी येऊन प्रवासाच्या फाइलला लावली. सिंगापूरच्या कोटेशनची फोडही त्याच फाइलमध्ये आहे.