बाबांची निलगिरी आणि माझा आगाऊपणा

मेलबर्नहून चिल्टर्न पावणेतीनशे किलोमीटर. जुलैची थंडी, पहाटेचे पाच, आणि एवढी धडपड कशासाठी, तर पोपट बघायला. बाबांच्या हे काही पचनी पडेना. “पोपट तर आपल्या पेरूवर रोज येतात,” असं पुटपुटत त्यांनी दोन स्वेटर आणि कानटोपी चढवली आणि गाडीत बसल्या बसल्या घोरायला लागले.

चिल्टर्न हे सोन्याच्या खाणींचं जुनं गाव. जंगलात जिथे गाडी लावली त्या तळ्याचं नाव सायनाइड डॅम, खाणींच्या काळातलं. बाबांनी पाटी वाचली. “डबा इथेच खायचाय?”

मी त्यांना सांगितलं होतं की निलगिरीचं जंगल आहे. बाबांची सगळी नोकरी सामाजिक वनीकरणात गेली. गायरानांवर, माळांवर निलगिरीची किती हजार रोपं लावली याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही, आणि विहिरी आटल्या म्हणून गावोगावी खाल्लेल्या शिव्यांचाही नाही. पण इथलं झाड बघून ते चमकलेच. आपल्याकडच्या निलगिरीचं खोड गुळगुळीत, साल सोलवटलेली. इथल्या आयर्नबार्क जातीच्या निलगिरीचं खोड काळंकुट्ट, नांगरलेल्या शेतासारख्या खोल चरांचं. बाबांनी चरात बोट घातलं, ते पेरापर्यंत आत गेलं. “ही निलगिरी? छे!” मग वर बघितलं. लांब देठांना लोंबणारी गुलाबी-पांढरी फुलं, आणि त्यांच्यावर पाखरांचा असा कालवा की बोललेलं ऐकू येईना.

ज्यांच्यासाठी आलो ते स्विफ्ट पॅरट नावाचे पोपट मात्र नव्हते. समुद्र ओलांडून स्थलांतर करणारे पोपट जगात दोन-तीनच, हा त्यांतला एक. उन्हाळ्यात टास्मानियात अंडी घालतो आणि हिवाळ्यात बासची सामुद्रधुनी पार करून इकडे येतो. जिथे फुलोरा तिथे मुक्काम, त्यामुळे एका वर्षी दिसला म्हणून पुढच्या वर्षी त्याच जागी दिसेलच असं नाही. नऊच्या सुमारास हिरवे, लाल गालांचे आठ-दहा पोपट दिसले आणि मी घरच्या ग्रुपवर ‘दिसले!!!’ असं टाकूनही दिलं. ते मस्क लॉरिकीट निघाले. इथे शहरातही असतात. काकूचा अंगठा तोवर आला होता.

साडेअकरा वाजले. मान आखडली, बोटं बधिर. बाबा दुर्बीण लावून स्वतःच्याच पापण्या बघत होते. आणि मग मी ते केलं. फोनवर स्विफ्ट पॅरटचा आवाज लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर आवाज वाढवून.

तळ्याकाठी घडीच्या खुर्चीवर बसलेली एक आजीबाई उठून आली. थर्मास हातातच. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, “हे पोपट इथे पोट भरायला येतात. परत समुद्र पार करायचाय त्यांना. तू हाक मारलीस तर खाणं सोडून बघायला येतील, आणि इथे कोणीच नसेल.” मी फोन खिशात घातला. कान तापले होते, त्या थंडीत. बाबांना इंग्रजी बेताचंच येतं, पण त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

आजीबाईने आम्हाला एका जाड बुंध्याच्या झाडाखाली नेलं. मोठ्या झाडातच खरा मध, म्हणाली. अशी झाडं खाणींच्या टेकूंसाठी आणि रेल्वेच्या स्लीपरसाठी केव्हाच तोडून संपवली, राहिली ती थोडी.

आधी आवाज आला, चाव्यांचा जुडगा हलल्यासारखा. मग सात पोपट डोक्यावरून असे सणसणत गेले की पंखांखालचा लाल रंग तेवढा दिसला, आणि वळून आमच्याच झाडावर उतरले. बाबांनी दुर्बीण माझ्या हातात कोंबली आणि नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले. एक अगदी खालच्या फांदीवर उलटा लटकला. चोचीभोवती लाल, कपाळावर निळसर झाक, शेपटी बारीक, काळपट लाल. जीभ कुंचल्यासारखी, ती फुलात फिरवून तो पुढच्या फुलाकडे वळायचा. कपाळाला पिवळे पराग. चारेक मिनिटांत एक मोठा वॉटलबर्ड अंगावर धावून आला आणि सगळे उडाले.

फोटो नाही. मी काढलाच नाही; खिशातून फोन काढायची हिंमत झाली नाही.

परतताना बाबांनी विचारलं, किती उरलेत? हजाराच्या आत, मी म्हणाले. टास्मानियातली मोठी झाडं तुटताहेत, आणि माणसांनी तिथे नेलेला शुगर ग्लायडर नावाचा इवलासा प्राणी घरट्यात बसलेल्या माद्या खातो. वांगरॅटापर्यंत ते गप्प होते.

“आम्ही आठव्या वर्षी तोडायचो,” मग म्हणाले. “बल्ल्यांसाठी. बुंधा असा जाड व्हायचाच नाही.” आणि जरा वेळाने, “इथे चहा कुठे बरा मिळतो का गं?”

नाही मिळत.