नॅशची ओव्हर

आमच्या वाडीत क्रिकेटचा एकच कायदा कडक होता. बॉल डायरेक्ट कंपाउंडबाहेर गेला की बॅट्समन आउट, वर बॉल आणायलाही त्यानंच जायचं. शेजारच्या आजींची बोलणी खात, अनवाणी. मी डावखुरा बोलर, रनअप जेमतेम चार पावलांचा. माझ्या निम्म्या विकेटा या कायद्याच्याच.

त्यामुळे वेस्ट इंडीजच्या गॅरी सोबर्सनं जिच्या सहाही बॉलना सिक्स मारली, ती मॅल्कम नॅशची ओव्हर पाहताना मी आधी वाडीचा हिशेब लावतो. आमच्याकडे सोबर्स पहिल्याच बॉलला आउट होता.

स्वान्सीचं सेंट हेलेन्स मैदान, 31 ऑगस्ट 1968. नॅश वेल्समधल्या अ‍ॅबरगव्हेनीचा, काउंटी, म्हणजे तिकडच्या जिल्हावार क्रिकेटमध्ये ग्लॅमॉर्गनचा डावखुरा मध्यमगती बोलर. नवा चेंडू स्विंग करणारा गडी. त्या दिवशी मात्र इंग्लंडच्या डावखुऱ्या डेरेक अंडरवूडसारखी संथ फिरकी टाकून बघायची हुक्की त्याला आली होती. समोर नॉटिंगहॅमशायरचा कॅप्टन सोबर्स, डाव घोषित करायच्या घाईत. आपणही ऑफिसात नवीन काही करून बघायला नेमका असाच मुहूर्त काढतो.

पाचवा बॉल मी दहादा तरी पाहिला असेल. लाँगऑफला रॉजर डेव्हिस कॅच घेतो, चांगला पकडतो, आणि तोल जाऊन मागे कोसळतो, बाऊंड्रीवर. बॉल हातातच. क्षणभर कुणालाच काही कळत नाही. मग अंपायरांची कुजबुज होते आणि निकाल लागतो: सिक्स. सहावा तर मैदान सोडून पार रस्त्यावर गेला. सहा बॉल, छत्तीस धावा. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये असं आधी कधी घडलं नव्हतं. बीबीसी वेल्सचा कॅमेरा त्या वेळी चालू होता, ही नॅशची खरी साडेसाती. नाहीतर ही गोष्ट म्हाताऱ्यांच्या गप्पांत विरून गेली असती.

एरवी हा माणूस 1966 पासून 1983 पर्यंत ग्लॅमॉर्गनसाठी राबला. 993 विकेटा. हजाराला सात कमी! 1969 साली ग्लॅमॉर्गननं एकही सामना न हरता काउंटी चॅम्पियनशिप जिंकली, त्या संघात तो होता. 1975 मध्ये बेसिंगस्टोकला हॅम्पशायरचे नऊ गडी त्यानं 56 धावांत उडवले. बॅटिंगही बरी करायचा, दोन शतकं आहेत. टेस्ट कॅप मात्र शेवटपर्यंत मिळाली नाही. आणि 1977 मध्ये त्याच स्वान्सीत लँकेशायरच्या फ्रँक हेजनं त्याच्या एका ओव्हरमध्ये 34 कुटल्या. एक चौकार मध्ये आला म्हणून, नाहीतर तिथंही छत्तीसच होत्या.

आपल्याकडे 1985 च्या जानेवारीत वानखेडेवर रवी शास्त्रीनं बडोद्याच्या तिलक राजची हीच गत केली. बोलर पुन्हा डावखुराच! पुढे शास्त्री काउंटी खेळायला गेला तो ग्लॅमॉर्गनकडेच, 1987 मध्ये. नॅश तोवर निवृत्त झाला होता. दोघं कधी निवांत बसले असतील तर काय बोलले असतील, याचं मला फार कुतूहल आहे.

2006 मध्ये त्या ओव्हरचा म्हणून एक चेंडू लिलावात 26,400 पौंडांना गेला. घेणारा भारतातला. पुढे शंका निघाली, कारण विकलेला चेंडू एका कंपनीचा आणि नॅशच्या म्हणण्याप्रमाणे त्यानं टाकलेला दुसऱ्याच. मी नॅशच्या बाजूचा. मारणाऱ्याला बॉल एक सेकंद दिसतो, बोलर तो दिवसभर पँटवर घासत असतो.

नॅश 2019 मध्ये गेला. सोबर्सच्या त्या सहाव्या सिक्सनंतर नॉटिंगहॅमशायरनं 5 बाद 308 वर डाव घोषित केला होता. त्या पाचातले चार नॅशनं काढले होते.