ते पान कशाचं होतं?

प्रश्न नेहमी हसत हसत येतो. लग्नाच्या हॉलमध्ये, डोहाळजेवणात, एकदा तर तेरवीच्या पंगतीत, पाटवडीचा घास घेता घेता. "काय हो, तुम्ही म्हणे व्हिस्कीत तुळस घालता?"

माझं उत्तर ठरलेलं. "तुळस नाही हो, सब्जा. सब्जाचं पान." समोरचा मान डोलावतो, विश्वास काही ठेवत नाही, आणि पुढच्या कार्यात पुन्हा विचारतो. दहा वर्षं हेच चाललंय. आता एकदा काय ते सांगून टाकते.

आधी पेयाचं सांगते, कारण त्याची मला लाज नाही. हो, मी पिते. घरात, नवऱ्यासोबत, महिन्यातून दोनदा, परवाना काढून. वर्ध्याच्या पाहुण्यांनी यावर नाक मुरडू नये. तुमच्याकडे दारूबंदी आहे, म्हणून तुमच्या भाऊजींना नागपूरची किती ओढ असते ते आम्ही डोळ्यांनी पाहतो. नुसती व्हिस्की मला गिळवत नाही, पाण्यासोबतही नाही. अमेरिकेत बर्बन नावाच्या तिथल्या व्हिस्कीत पुदिना, साखर आणि बर्फ घालून जुलेप पितात, केंटकीच्या घोड्यांच्या शर्यतीत तर हजारोंनी. तिथं कुणी म्हणत नाही की चांगल्या दारूची भाजी केली. नागपूरच्या बाईनं संत्रं घातलं की मात्र वाया गेली.

करते ते असं. एका ग्लासाला ६० मिली व्हिस्की. संत्र्याच्या सात-आठ फोडी, बिया काढून, बरणीत लाटण्याच्या टोकानं दाबायच्या. आपलं संत्रं गोड, आंबटपणा बेताचा, म्हणून अर्धं लिंबू हवंच. साखरेचा पाक दोन चमचे, त्यात गवती चहाची पात उकळलेली असली तर उत्तम. पानं सहा-सात. ती ठेचायची नाहीत, ठेचली की गवताची चव येते. तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची, वास सुटतो. मग भरपूर बर्फ, झाकण घट्ट, बरणी हाताला झोंबेपर्यंत हलवायची आणि चहाच्या गाळणीनं गाळायची. वरून सालीचा तुकडा चिमटून त्याचं तेल उडवायचं. लहानपणी एकमेकांच्या डोळ्यांत उडवायचो, तसं.

आणि रस आधी काढून ठेवायचा नाही. हे मी शिकले तीच ती संध्याकाळ.

तुळशीचं लग्न होतं, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी. आंबिया बहाराची संत्री आलेली. संध्याकाळी हात रिकामे नसतील म्हणून मी दुपारीच वीसेक संत्री सोलून मिक्सरमधून काढली. बियांसकट. २०१४ साली ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते हे फळ, आणि मी ते चटणीसारखं दळलं. मंगलाष्टकं झाली, उसाच्या मांडवाखाली बोरं-आवळे ठेवून झाले, शेजारपाजारचे प्रसाद घेऊन गेले. दीर, जाऊ, नणंदेचे यजमान, सगळी गच्चीवर जमली. मी रस चाखला तर कडूजहर. संत्र्याच्या रसात लिमोनिन असं काही तयार होतं. फळ खाताना ते जाणवत नाही, पण रस काढून ठेवला की काही तासांत चढत जातं, आणि बियांमध्ये तर ते जास्तच असतं. हे नंतर वाचलं. तेव्हा फक्त साखर घालत गेले, आणि रस गोड-कडू असा आणखीच विचित्र होत गेला.

तो ओतून दिला. खाली पाच-सहा संत्री उरली होती. पुदिना मात्र सकाळीच चटणीत गेला होता.

म्हणून मी अंगणात गेले. वृंदावनातल्या तुळशीला हात लावणार नव्हते. तिला नुकतीच हळद लागली होती. बाजूला डब्यात तिचीच रोपं होती, त्यातली चार पानं घ्यायची, एवढंच. बॅटरी तोंडात धरून वाकले आणि मागून आवाज आला, "काय करून राहिली गं अंधारात?"

सासूबाई.

"ह्यांना खोकला झालाय, आई. काढा करते."

विचार करून बोलले नाही. तयार असल्यासारखं तोंडातून आलं.

"मंगाशी तं चांगला होता," त्या म्हणाल्या. मग चपला काढून पुढे आल्या. "रात्री तोडत नाहीत. थांब, तू नको तोडू." वृंदावनाशी गेल्या, हात जोडले, आणि पुटपुटल्या, "माय, पोराच्या औषधासाठी घेऊन राहिली. झोपेतून उठवलं म्हणून रागावू नको." आणि त्या नव्या नवरीची, लग्नातल्याच तुळशीची, मंजिऱ्यांसकट ओंजळभर पानं खुडून माझ्या पदरात टाकली. "अद्रक टाक, दोन मिरे टाक. गूळ घाल, साखर नको."

मी ती वर घेऊन गेले.

त्या क्षणी मी काढा का केला नाही, हे मला आजवर सांगता आलेलं नाही. जिने चढताना वाटलं होतं, करावा. दोन्ही करावं. पण वर सगळे वाट बघत होते. मी टाळी वाजवली, बर्फ घातला. इतका चांगला ग्लास मी तेव्हापासून केलेला नाही. मी दोन प्याले.

सकाळी नवरा पेपर वाचत होता. आई म्हणाल्या, "खोकला कसा आहे रे?"

"कोणता खोकला?"

मी गॅसजवळ दुधापाशी उभी. आई मोरीपाशी आल्या. रात्रीचे सहा ग्लास तसेच पडले होते, तळाला पानं चिकटलेली, काळी पडलेली. त्यांनी एक ग्लास उचलला, नखानं पान सोडवलं, बोटं नाकाशी नेली. एकदाच. मग सहाही ग्लासांतली पानं वेचली, नळाखाली धुतली, वृंदावनाच्या मातीत ठेवून आल्या. परत येऊन ग्लास घासले, आपल्या हातानं. मी "राहू द्या" म्हटलं का? आठवत नाही. त्या पुढे सहा वर्षं होत्या, विषय कधी काढला नाही. बोभाटा केला तो वन्संनी.

तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून: हो, ती तुळसच होती.

त्या वेळची मी म्हणायची, पानच तर आहे. काढ्यात चालतं, चहात चालतं, मग इथंच काय? हा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. आईंनी सरळ अडवलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडणात कदाचित जिंकलेही असते. पण मी भांडले नव्हते, खोकला सांगितला होता. त्यावर मला कुणी विचारत नाही, आणि मीही "सब्जा" म्हणून विषय मिटवते.

सब्जा आता खरंच घालते. फालुद्यासाठी आणलेलं बी डब्यात पेरलं, छान फोफावलं. कूळ तुळशीचंच. पण चव तशी येत नाही, हेही कबूल करते. तुळशीत युजेनॉल असतं, लवंगेला वास देतं तेच, आणि ओकच्या पिपातूनही तेच थोडं व्हिस्कीत उतरतं. त्यामुळे दोन्ही एकमेकांना ओळखतात. नवरा म्हणतो, आता आई नाहीत, घाल की तुळस. मी त्याच्यावर अशी खेकसते की तो ग्लास घेऊन हॉलमध्ये जातो.

मागच्या थंडीत त्याला खराच खोकला झाला. रात्री अकराला मी बाल्कनीत गेले. तुळस आता तिथं कुंडीत आहे. चपला काढल्या. हात जोडले. पुढे काय म्हणायचं ते सुचेना. आत आले आणि लवंग टाकून काढा केला.