तुम्ही विचारलंत म्हणून : 'मधे काय झालं?'

आठवी-नववीला मराठी शिकवणारे, आणि अधूनमधून पालकही, एकच प्रश्न विचारतात : कारण-परिणाम निबंध द्या म्हटलं की मुलं दहा कारणं आणि दहा परिणाम उतरवून मोकळी होतात. त्याचा निबंध कसा करून घ्यायचा?

आधी विषय बदला. 'प्रदूषण : कारणे व परिणाम' या विषयावर मोठी माणसंही यादीच करतील. बोट ठेवता येईल असा एकच परिणाम घ्या. नाशिकच्या मुलांना 'एखाद्या नोव्हेंबरात लासलगावला कांदा का कडाडतो?' हा विषय उत्तम.

पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'पाऊस जास्त झाला म्हणून कांदा महागला.' वाक्य चूक नाही, पोकळ आहे. ते फळ्यावर लिहा, 'म्हणून'च्या जागी हातभर जागा मोकळी सोडा आणि विचारा, मधे काय झालं? परतीचा पाऊस लांबला. वाफ्यात पाणी साचलं. लाल कांदा काढणीआधीच सडला. बाजार समितीत आवक घटली. भाव चढला. आणि हो, उन्हाळ्यात चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरलेला कांदाही तोवर संपत आलेला. या सहा गोष्टी सहा कागदी पट्ट्यांवर लिहा, मिसळा, चौघा-चौघांच्या गटाला लावायला द्या. चाळीची पट्टी रांगेत बसत नाही, ती शेजारून येऊन मिळते. तिच्यावरून मुलांचं भांडण होतं. होऊ द्या, मधे पडू नका. लिहिताना साखळीचा एक परिच्छेद आणि चाळीचा दुसरा, ही मांडणी त्या भांडणातूनच निघते. मग उलटा नमुना द्या : डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली आणि भाव पडले. मधल्या पट्ट्या आता मुलांनी लिहायच्या.

दुसरी चूक जास्त चिवट. नाशिकच्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, यावरून पूर मोजायची आपली सवय. मुलं लिहितात, 'मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी आलं त्यामुळे सराफ बाजारात पाणी शिरलं.' मारुती ही मोजपट्टी आहे, कारण नव्हे. कारण नदीच्या वरच्या अंगाला आहे : गंगापूर धरणाचा विसर्ग, शिवाय धरणाच्या खाली पडलेला पाऊस. तपासायला एक प्रश्न पुरतो. मारुती तिथून हलवला तर बाजार कोरडा राहील का? मुलं हसतात, आणि 'आधी घडलं' व 'त्याच्यामुळे घडलं' यांतला फरक व्याख्येशिवाय कळतो.

तिसरी अडचण खुद्द मराठीची. 'धरण भरलं म्हणून पाणी सोडलं' यात कारण आहे. 'पूर येऊ नये म्हणून पाणी सोडलं' यात हेतू आहे. शब्द तोच, त्यामुळे मुलं हेतूलाच कारण समजून बसतात. 'म्हणून' काढून 'यासाठी' घालून पाहायला सांगा. वाक्य नीट चाललं तर तो हेतू. 'पावसामुळे पूर आला म्हणून' असा दुहेरी मुलामा आणि 'कारण की' हे तर सर्रास दिसतं. दर वाक्याला 'त्यामुळे' असेल, तर अख्ख्या निबंधात तीनदाच वापरायची मुभा द्या. साखळी पक्की असली की वाक्यं नुसती एकापुढे एक ठेवली तरी चालतात.

दोन तासिका लागतात. पहिली पट्ट्यांची आणि बोलण्याची, दुसरी दीडशे-दोनशे शब्द लिहिण्याची. प्रस्तावनेवर वेळ घालवू नका. परिणाम काय घडला, हे सांगणारी दोन वाक्यं बस्स.

तपासताना पहिल्या कच्च्या प्रतीत ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. पेन्सिलीने प्रत्येक 'म्हणून' आणि 'त्यामुळे'भोवती गोल करा, समासात 'मधे काय झालं?' एवढंच लिहा आणि वही परत द्या. मुलाला तोंडी उत्तर देता आलं, तर तेच वाक्य तिथे घालायला लावा. नाही आलं, तर तो 'म्हणून' त्यालाच खोडू द्या.